गोदातीरीं सांडपाण्याचा निर्णय : कोपरगांवच्या निमित्तानें

कोपरगांव म्हटलें कीं इतिहासाभ्यासकांस राघोबादादांचें स्मरण होतें. सालबाईच्या तहानंतर (१७८२) दादासाहेब येथें गोदातीरीं येऊन राहिले व १७८३ च्या डिसेंबरांत येथेंच वारले. त्यांच्या या अल्प वास्तव्याचा कागद न् कागद आपण शोधतों. परंतु ज्या नदीकांठीं तें घडलें, त्या नदींत गांवचें सांडपाणी सोडावयाचें कोणीं, केव्हां व कशाच्या आधारानें ठरविलें, याचे कागद आपल्या संग्रहांत क्वचितच येतात. प्रस्तुत टिपणाचा विषय हाच आहे.

मुंबई इलाख्यांत १८८९ चा ग्रामस्वच्छतेचा कायदा व १९०१ चा डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल कायदा झाला. दुसऱ्यानें गटारें बांधणें व राखणें हें नगरपालिकांचें कर्तव्य ठरविलें. स्वातंत्र्यानंतर १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानें तेंच कर्तव्य पुढें चालविलें. मात्र कर्तव्य हद्दीपुरतें आणि पाणी तर हद्द ओलांडणारें, असा हा मूळचाच विसंवाद आहे.

अशा स्थितींत निर्णय तीन गोष्टींवर ठरतो : जमिनीचा उतार, पैसा व खालचा गांव. उतारानें वाहणाऱ्या गटारास फारसा खर्च नाहीं. म्हणून तें ओढ्यास व ओढा नदीस मिळतो. पाणी उपसून शुद्ध करावयाचें तर यंत्र, वीज व माणसें लागतात. अनुदानांतून कारखाना उभा राहतो, पण रोजचा खर्च घरपट्टीवरच पडतो. आणि घरपट्टी वाढविणें कोणत्याही सभासदास रुचत नाहीं. खालच्या गांवास तर या सभेंत मतच नसतें.

कोपरगांव हें या व्यवहाराचें उत्तम उदाहरण होय. वर नाशिक, मध्यें नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा व तेथून निघालेले गोदावरीचे दोन कालवे. खालीं पुणतांबें, आणि त्यापुढें पैठणचें १९७६ सालीं पूर्ण झालेलें जायकवाडी धरण. गांवास पिण्याचें पाणी कालव्यांतून येऊन येसगांवच्या तळ्यांत साठतें. म्हणजे नाशिककरांचा निर्णय कोपरगांवकर पितात, व कोपरगांवकरांचा निर्णय खालचे लोक. घेणारा व देणारा या दोन्हीं भूमिका एकाच गांवाकडे आहेत.

हा तिढा कायद्यानें ओळखला तो उशिरां. महाराष्ट्रानें १९६९ सालीं जलप्रदूषण-प्रतिबंधक कायदा केला, १९७० मध्यें मंडळ स्थापिलें, व १९७४ चा केंद्रीय कायदा झाला. त्यानंतर सांडपाणी सोडण्यास मंडळाची संमति व तिच्या अटी लागूं लागल्या. गांवापुरता असलेला निर्णय तेव्हांपासून, निदान कागदोपत्रीं, नदीचा झाला.

म्हणूनच १९७४ पूर्वींच्या कागदांस विशेष मोल आहे. ठरावबुकांत काय ठरलें तें दिसतें. अंदाजपत्रकांत कां ठरलें तें. गटारांच्या नकाशांत पाणी कोणाच्या दारीं गेलें तें. आणि खालच्या गांवांचे तक्रार-अर्ज मिळाल्यास त्याची किंमत कोणीं दिली तेंहि. चारी एकत्र ठेवून वाचल्याशिवाय निर्णयाचा इतिहास पुरा होत नाहीं.

पेशवे दप्तर राज्यकारभाराचें होतें म्हणून सांभाळलें गेलें. गटाराच्या ठरावास असा मान नाहीं, व तो रद्दींत जातो. गोदातीरच्या संग्राहकांनीं आपापल्या गांवच्या अशा कागदांची निदान यादी तरी करावी. दादासाहेबांची निदानतिथि आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या नदीचें पाणी कोणत्या ठरावानें गढूळलें, हेंहि ठाऊक असणें अगत्याचें आहे.