चित्रकथाकार राम वाईरकर आणि त्यांच्या कुंचल्याचे वारस

सुपंडी हें नांव ठाऊक नसलेलें सुशिक्षित घर आज शहरांत क्वचितच सांपडेल. धन्यानें सांगितलेलें काम अक्षरशः करावयाचें, त्यांतून धन्याचा सत्यानाश ओढवावयाचा आणि शेवटीं नोकरींतून हांकलून घ्यावयाचें, हा त्याचा नित्यक्रम. मोठें विचित्र घाटाचें डोकें, त्यावर चार केसांचा झुबका, आणि मुद्रेवर आपलें कांहीं चुकलें असेल अशी शंकासुद्धां नाहीं. आज चाळिशी-पन्नाशींत असलेल्या कित्येक गृहस्थांना आणि गृहिणींना हा चेहरा आपल्या शाळासोबत्यांच्या चेहऱ्यांहून अधिक स्पष्ट आठवतो. पण तो चेहरा प्रथम कागदावर कोणीं उमटविला असें विचारलें, तर दहांपैकीं नऊजण गप्प राहतील. तो उमटविणारे चित्रकार राम वाईरकर हे मुंबईच्या प्रकाशनजगांत अनेक वर्षें वावरले. त्यांचीं चित्रें लाखों मुलांनीं पाहिलीं. त्यांचें नांव मात्र थोड्यांनींच वाचलें.

चित्रांच्या आधारें कथा सांगण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाहीं. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या पलीकडे पैठण आहे. वडवणीसारख्या गांवाहून एका दिवसांत जाऊन येण्यासारखें तें अंतर. या पैठणाच्या नांवानें ओळखलीं जाणारीं रामायण-महाभारताचीं जुनीं चित्रें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत पाहावयास मिळतात. तीं पैठणांत मिळालीं म्हणून लोक त्यांना पैठणचीं चित्रें म्हणूं लागले. वस्तुतः तीं चित्रकथी लोकांचीं. सुट्या कागदांवर एकेक प्रसंग रंगवावयाचा, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवावयाचे, त्यांची पोथी बांधावयाची आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत एकेक पान पुढें करून कथा गावयाची, असा त्यांचा धंदा असे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी येथें ठाकर समाजांतील कुटुंबांनीं ही विद्या जपली. सावंतवाडीच्या राजेसाहेबांचा तिला आश्रय होता. तेथील परशुराम गंगावणे यांनीं २००६ सालीं आपल्या गोठ्याचेंच संग्रहालय केलें आणि २०२१ सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मात्र ज्या हातांनीं त्या जुन्या पोथ्या रंगविल्या, त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणालाच सांगतां येत नाहींत. चित्रकथीच्या चित्राखालीं सही करण्याचा प्रघात नव्हता. छापखाना आला, कागद बदलला, प्रती हजारांवरून लाखांवर गेल्या, पण ही एक गोष्ट फारशी बदलली नाहीं.

आधुनिक चित्रकथेची हकीकत अनंत पै यांच्यापासून सुरू होते. पै हे मूळचे कारकळचे. १९६४ सालीं टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढलें, त्यांत त्यांचा हात होता. मराठी मुलांचा वेताळ तो हाच. १९६७ सालीं दिल्लींत असतांना त्यांनीं दूरदर्शनवर प्रश्नोत्तरांचा एक कार्यक्रम पाहिला. त्यांतील मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण प्रभु रामचंद्राच्या मातेचें नांव सांगतां आलें नाहीं. ही गोष्ट पै यांनीं पुढें आयुष्यभर सांगितली. इंडिया बुक हाउस या संस्थेच्या साह्यानें ‘अमर चित्रकथा’ निघाली ती या चुटपुटीपोटीं. तिचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचेच होते, ही बाब सहसा कोणी सांगत नाहीं. भारतीय कथेचा मान अकराव्या अंकाला मिळाला. तो अंक ‘कृष्ण’. शब्द अनंत पै यांचे आणि चित्रें राम वाईरकर यांचीं.

या अंकानें वाईरकरांपुढें घातलेली अडचण लहान नव्हती. घरोघरच्या भिंतींवर कृष्ण होताच. रविवर्मा छापखान्याच्या तसबिरींपासून रघुवीर मुळगांवकरांच्या दिनदर्शिकांपर्यंत त्याचीं शेंकडों रूपें लोकांच्या डोळ्यांत बसलीं होतीं. पण तसबिरींतला देव एका जागीं उभा असतो. भक्त त्याच्याकडे पाहतो, तो भक्ताकडे पाहतो, आणि तेथें व्यवहार संपतो. चित्रकथेंतल्या देवाला मात्र धांवावें लागतें, झाडावर चढावें लागतें, आईच्या हातून निसटावें लागतें, आणि एका चौकटींतून दुसऱ्या चौकटींत जातांना तोच तो आहे असें पाहणाऱ्या मुलाला क्षणांत पटावें लागतें. पाठमोरा असला तरी ओळखूं यावा, लहानाचा मोठा झाला तरी ओळखूं यावा, आणि वर संवादाच्या फुग्यासाठीं जागा शिल्लक राहावी. या कामाला तसबिरी रंगविणाराचें कौशल्य पुरत नाहीं. त्याला नाटकवाल्याची नजर लागते. वाईरकरांपाशीं ती होती. त्यांच्या चित्रांतील माणसें बोलतांना हात हलवितात, ऐकतांना मान कलती करतात. मागें उभी असलेली गर्दीसुद्धां रिकामी उभी नसते.

साधनेंही बेताचीं होतीं. आरंभींच्या अंकांत पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्या रंगांवरच भागवावें लागे. सर्व रंगांची छपाई पुढें आली. एका दृष्टीनें कृष्णकथा या दारिद्र्याला मानवणारी होती. निळा देह, पिवळा पीतांबर, हिरवें वृंदावन : आणखी काय हवें? पण हा योगायोग प्रत्येक कथेला कोठून लाभणार?

‘कृष्ण’ अंकाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. नव्या शिक्षणाच्या संस्कारामुळें पै यांनीं प्रथम चमत्कारांच्या प्रसंगीं हात आंखडता घेतला होता. पुढें त्यांचा विचार पालटला आणि नंतरच्या आवृत्तींत त्या प्रसंगांना मोकळीक मिळाली. संपादकाचें मत पालटलें कीं चित्रकाराचें पान पालटतें. लेखकाला एक ओळ खोडून दुसरी लिहितां येते. चित्रकाराला अख्खी चौकट पुन्हां उभी करावी लागते. हा हिशेब पुस्तकाच्या कोठल्याच पानावर मांडलेला नसतो.

त्यानंतर वाईरकरांच्या हातून ‘हनुमान’ उतरला, बिरबलाच्या कथा उतरल्या, तेनालीचा रामन उतरला. या यादींतच त्यांची खरी आवड कोणती तें दिसतें. शूर पुरुषांचीं चित्रें त्यांनीं काढलीं, पण त्यांचा कुंचला रमला तो विनोदांत. बिरबलाच्या ओठांच्या कोपऱ्यांतलें हसूं आणि तोंडघशीं पडलेल्या दरबाऱ्याची उतरलेली मुद्रा हें त्यांचें स्वतःचें राज्य. ‘अमर चित्रकथा’ गंभीर आहे, बोधप्रद आहे, असें सगळे म्हणतात तें खरें. परंतु तिच्यांतला हशा वाईरकरांनीं पुरविला, हेंही तितकेंच खरें.

त्या हशाला मोकळें मैदान मिळालें तें १९८० च्या नोव्हेंबरांत. ‘टिंकल’ हें मुलांचें नियतकालिक त्या महिन्यांत सुरू झालें. वाचकांनीं आपल्या प्रांतांतल्या लोककथा लिहून पाठवाव्या अशी त्याची रीत होती. तिरुचिरापल्लीच्या एका वाचकानें एका खुळ्या नोकराच्या तीन तमिळ लोककथा पाठविल्या. १९८३ सालीं त्या छापावयाच्या ठरल्या आणि चित्रांसाठीं वाईरकरांकडे गेल्या. मूळ कथेंतला खुळा नोकर हा कोणत्याही भाषेंतला, कोणत्याही गांवचा असूं शकतो. असे नोकर आपल्याही कथांत थोडे नाहींत. त्याला सुपंडी केलें तें त्या डोक्यानें आणि त्या निश्चिंत मुद्रेनें. तीन कथा संपल्या, पण वाचकांची पत्रें संपेनात, आणि नोकराला मरेपर्यंत नोकरी मिळाली. एखादें पात्र शब्दांत जन्मतें आणि चित्रांत जगतें, याचें याहून चांगलें उदाहरण दाखवितां येणार नाहीं.

त्याच ‘टिंकल’मध्यें वसंत हळबे यांचा शिकारी शंभू आला. भित्रा, आळशी, पण नशिबानें शूर ठरलेला हा शिकारी लुई फर्नांडिस यांच्या कल्पनेंतला. हळब्यांनीं त्याच्या डोक्यावर अशी टोपी चढविली कीं तिच्याखालीं त्याचे डोळे कधीं दिसतच नाहींत. डोळे न दाखवितां भीति दाखविणें ही कामगिरी करून पाहणारालाच कळेल. प्रदीप साठे यांचा कालिया कावळाही त्याच अंगणांतला. हीं तिन्ही नांवें मराठी आहेत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठकारांना थोडी तरी जागा मिळते. या मंडळींना ती मिळाली नाहीं, कारण त्यांचे फुगे इंग्रजीत बोलत होते.

पुण्याच्या प्रताप मुळीक यांची गोष्ट अशीच. ‘अमर चित्रकथे’साठीं त्यांनीं ‘राम’ चितारला. १९८० नंतरच्या वर्षांत अमिताभ बच्चन यांना नायक करून ‘सुप्रीमो’ नांवाची चित्रमालिका निघाली, तिचीं चित्रेंही मुळीकांचींच. आणि १९८६ सालीं दिल्लीच्या राज कॉमिक्सनें नागराज आणला, त्याचा पहिला अवतारही त्यांच्याच हातचा. उत्तर हिंदुस्थानांतील एक अख्खी पिढी नागराजावर पोसली. त्याचें मूळ रूप पुण्यांत घडलें हें तिकडे थोड्यांना ठाऊक होतें आणि इकडे त्याहून थोड्यांना. दिलीप कदम यांनीं ‘महाभारता’चे ४२ भाग रंगविले. एका माणसानें कुरुक्षेत्र ४२ वेळां उभें करावयाचें, म्हणजे रथ किती, हत्ती किती, याचा विचार वाचतांना कोणी करीत नाहीं. करूंही नये, पण मागाहून तरी करावा.

या विस्मरणाला कोणी दुष्ट कारण नाहीं. चित्रकाराचें नांव आंतल्या पानावर बारीक टाइपांत छापलें जाई. मुलें तें पान उलटून थेट कथेवर जात. संपादक अनंत पै मुलांच्या पत्रांना उत्तरें देत, गांवोगांव हिंडत, म्हणून ते सगळ्यांचे ‘अंकल पै’ झाले. २०११ सालीं ते वारले तेव्हां हजारों प्रौढ माणसांना घरचें माणूस गेल्यासारखें वाटलें, आणि तें योग्यच होतें. चित्रकार मात्र घरीं बसून पानें पुरीं करीत. शिवाय या धंद्याची रीतच अशी कीं चित्रकाराला पानामागें मोबदला मिळावयाचा आणि पात्राची मालकी प्रकाशकाकडे राहावयाची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत ५७ वें कलम आहे. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी ही कृति माझी आहे असें म्हणण्याचा कर्त्याचा हक्क त्या कलमानें राखून ठेवला आहे. हक्क आहे, पण तो बजावण्यासाठीं कोणाला तरी नांव आठवावें लागतें.

तें आठवण्याचें काम प्रथम वाचकांनीं केलें. ज्यांनीं लहानपणीं जुने अंक बांधून ठेवले होते, ते मोठे झाल्यावर रद्दीच्या दुकानांतून उरलेले अंक शोधूं लागले. शोधतां शोधतां त्यांच्या लक्षांत आलें कीं आपल्याला कथेपेक्षां रेषा ओळखूं येते. हा वाईरकरांचा हात, हा मुळीकांचा, हा युसुफ लीन यांचा, असें ते आंतलें पान न पाहतां सांगूं लागले. कोणत्या अंकाचीं चित्रें कोणाचीं याच्या याद्या झाल्या. मग पंडितही आले. नंदिनी चंद्र यांनीं २००८ सालीं आणि कार्लिन मॅक्लेन या अमेरिकन विदुषींनीं २००९ सालीं ‘अमर चित्रकथे’वर एकेक ग्रंथ लिहिला. त्यांतील टीका सर्वांना रुचेलच असें नाहीं. देवांचीं रूपें, स्त्रियांचीं रूपें, राक्षसांचा काळा रंग, यांवर त्यांनीं कठोर प्रश्न विचारले आहेत. ते प्रश्न चित्रकारांनाही लागू आहेत, आणि स्मरण म्हणजे नुसती आरती नव्हे, हें चाहत्यांनींही ध्यानांत घेतलें पाहिजे. पण एवढें खरें कीं या चित्रांकडे पोरखेळ म्हणून पाहण्याचे दिवस त्या ग्रंथांनीं संपविले.

घरच्या माणसांनीं केलेलें स्मरण निराळ्या जातीचें आहे. वाईरकरांच्या पश्चात् सुपंडीचा कुंचला त्यांची कन्या अर्चना आंबेरकर यांनीं हातीं घेतला. बापाचें दुकान मुलानें चालवावें, बापाची वकिली मुलानें पुढें न्यावी, यांत नवल नाहीं. येथें गोष्ट अधिक अवघड आहे. वाचकाला सुपंडी जसाच्या तसा हवा असतो. डोकें केसभर लांबलें तरी त्याला चालत नाहीं. म्हणजे नव्या हातानें जुन्या हाताची रेषा काढावयाची, आणि ती इतकी बरोबर काढावयाची कीं हात बदलल्याचें कोणाच्या लक्षांतही येऊं नये. काम जितकें चांगलें, तितका करणारा अदृश्य. वडिलांच्या वांट्याला जें आलें, तेंच या वारशाबरोबर मुलीकडेही येण्याचा संभव होता.

तसें झालें नाहीं, याचें श्रेय कांहीं अंशीं चाहत्यांच्या चौकसपणाला आहे. आतां सुपंडीविषयीं कोठें कांहीं छापून आलें कीं राम वाईरकरांचें नांव येतें आणि त्याला लागूनच त्यांच्या कन्येचेंही येतें. हळब्यांच्या शंभूला पुढें सावियो मस्करेन्हास यांनीं सांभाळलें, तेव्हां तेथेंही दोन्ही नांवें जोडीनें घेतलीं जाऊं लागलीं. पिंगुळीच्या पोथ्यांवर जी सही कधीं झाली नाहीं, ती येथें उशिरां कां होईना, होऊं लागली.

मधल्या काळांत सुपंडीचे धनी बदलले. वाड्यांतले शेठ गेले, कचेरींतले साहेब आले. बैलगाडीच्या जागीं मोटार आली, पत्राच्या जागीं मोबाइल आला. २००७ सालीं ‘अमर चित्रकथा’ व ‘टिंकल’ यांची मालकीही एका नव्या संस्थेकडे गेली. सुपंडी मात्र पहिल्या दिवशीं वाईरकरांनीं बसविलेल्या त्याच डोक्यानिशीं सांगितलेलें काम अक्षरशः करतो, आणि पानाच्या शेवटच्या चौकटींत धनी काठी घेऊन त्याच्या मागें लागलेला असतो.