नाऊन म्हणजे नाम की संज्ञा? इंग्रजी व्याकरणाची मराठी व हिंदी परिभाषा

गाझियाबाद : पालकांच्या बदलीमुळे महाराष्ट्रातून गाझियाबादसारख्या हिंदी भाषक शहरात आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीचा तास नवा नसतो, नवी असते ती इंग्रजी समजावून सांगण्याची भाषा. ज्याला तो आजवर ‘नाम’ म्हणत आला, त्याला येथे ‘संज्ञा’ म्हणतात. मराठीत ‘संज्ञा’ म्हणजे एखाद्या शास्त्रातील पारिभाषिक शब्द. त्यामुळे वाक्यातील संज्ञा अधोरेखित करा, असे सांगितले की मराठी मुलाने क्षणभर थांबणे साहजिक आहे.

इंग्रजीतील आठ शब्दजातींपैकी प्रोनाऊन आणि ॲडजेक्टिव्ह यांना मराठी व हिंदी दोन्हींत अनुक्रमे सर्वनाम आणि विशेषण असेच म्हणतात. व्हर्ब म्हणजे मराठीत क्रियापद, हिंदीत क्रिया. ॲडव्हर्बला हिंदीत नुसते क्रियाविशेषण पुरते, मराठी त्याला ‘अव्यय’ जोडते. खरा फरक पुढे पडतो. कंजंक्शन म्हणजे मराठीत उभयान्वयी अव्यय, तर हिंदीत समुच्चयबोधक. इंटरजेक्शन म्हणजे मराठीत केवलप्रयोगी अव्यय, तर हिंदीत विस्मयादिबोधक. नामांच्या प्रकारांतही सामान्यनाम व विशेषनाम यांच्या जागी हिंदीत जातिवाचक व व्यक्तिवाचक संज्ञा येतात.

या दोन परिभाषा परस्परांना अगदी परक्या मात्र नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा आराखडा त्यांच्यासमोर होता. पुढे मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ 1911 मध्ये आला आणि कामताप्रसाद गुरू यांनी हिंदीचे प्रमाणभूत व्याकरण लिहिताना त्याचा आधार घेतला.

सर्वाधिक घोटाळा होतो तो ‘व्हॉइस’ या प्रकरणात. मराठी शाळांत ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, असे समीकरण सर्रास शिकवले जाते. ते अर्धेच खरे आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य मराठी व्याकरणानुसार कर्मणी आहे, कारण क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. आंब्याऐवजी पोळी असती तर ‘खाल्ली’ झाले असते. परंतु इंग्रजीत त्याचे सरळ भाषांतर ‘राम एट अ मँगो’ असेच होते आणि ते ॲक्टिव्ह आहे. इंग्रजी पॅसिव्हशी जुळणारी मराठी रचना म्हणजे ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’. येथे हिंदी व्याकरण विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगी पडते. हिंदीत ‘वाच्य’ आणि ‘प्रयोग’ या दोन वेगळ्या कल्पना मानल्या आहेत. ‘राम ने आम खाया’ या वाक्याचा प्रयोग कर्मणी असला, तरी त्याचे वाच्य कर्तृवाच्यच राहते. इंग्रजीतील व्हॉइस म्हणजे हे वाच्य होय, मराठीतील प्रयोग नव्हे.

प्रिपोझिशनचेही तसेच. त्याला मराठीत शब्दयोगी अव्यय आणि हिंदीत संबंधबोधक म्हणतात. मात्र इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत नामाच्या मागे जोडून (टेबलाखाली) आणि हिंदीत मागे पण सुटा (मेज़ के नीचे). शिवाय इंग्रजी ‘इन’चे काम मराठीत अनेकदा शब्दयोगी अव्यय करीतच नाही, ‘घरात’ यातील ‘त’ हा सप्तमीचा प्रत्यय आहे. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या आर्टिकल्सना मराठीत उपपद हे नाव आहे, पण तशी उपपदे मराठीत वा हिंदीत नाहीत. त्यामुळे ती गाळली जाण्याची चूक दोन्ही भाषांच्या विद्यार्थ्यांकडून सारखीच होते.

विरामचिन्हांत पहिला फरक डोळ्यांना दिसतो. हिंदीत वाक्याच्या शेवटी उभा दंड असतो, मराठीत इंग्रजीप्रमाणे टिंब. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. कॉमा म्हणजे मराठीत स्वल्पविराम, हिंदीत अल्पविराम. सेमिकोलन दोन्हींत अर्धविराम. अवतरणचिन्हाला हिंदीत उद्धरण चिह्न आणि संयोगचिन्हाला योजक चिह्न म्हणतात. नावे पाठ झाली तरी वापराचे नियम आपोआप येत नाहीत. ‘तो आला, बसला, निघून गेला’ अशी स्वल्पविरामांनी जोडलेली वाक्ये मराठीत सहज खपतात. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये केवळ कॉमाने जोडणे ही चूक मानली जाते. तेथे फुलस्टॉप, सेमिकोलन किंवा उभयान्वयी अव्यय लागते.

अपॉस्ट्रॉफीला मराठी लेखनात समांतर चिन्ह नाही, कारण मालकी दाखवण्याचे काम चा-ची-चे करतात. म्हणूनच ‘त्याचे’ या अर्थाचा ‘इट्स’ आणि ‘इट इज’चे संक्षिप्त रूप ‘इट्स’ यांत गफलत होते. पहिल्यात अपॉस्ट्रॉफी नसते, दुसऱ्यात असते. देवनागरीत मोठी व लहान लिपी असा भेदही नाही. त्यामुळे वारांची, महिन्यांची व भाषांची नावे इंग्रजीत मोठ्या अक्षराने सुरू करायची, हे ध्यानात ठेवावे लागते.

लेखनविभागातील शब्द तुलनेने सोपे आहेत. निबंध, संवाद व औपचारिक पत्र हे दोन्हीकडे तेच. पॅराग्राफ म्हणजे मराठीत परिच्छेद, हिंदीत अनुच्छेद. मराठी वाचकाला अनुच्छेद म्हटले की राज्यघटना आठवते. रिपोर्ट म्हणजे मराठीत वृत्तान्त, हिंदीत प्रतिवेदन. इडियमला मराठीत वाक्प्रचार आणि हिंदीत मुहावरा, तर प्रॉव्हर्बला मराठीत म्हण आणि हिंदीत लोकोक्ति म्हणतात. इंग्रजीतील सिंपल सेंटेन्स मराठीत केवल वाक्य आणि हिंदीत सरल वाक्य होते. कॉम्प्लेक्स आणि कंपाउंड मात्र दोन्ही भाषांत अनुक्रमे मिश्र आणि संयुक्तच आहेत.