हान्सचे पुत्र

मोठ्या ग्रंथालयातील लेखकांची सूची काढून ‘हान्सेन’ या नावाखालील नोंदी कोणी वाचू लागला, तर त्याची मती क्षणभर गुंग झाल्यावाचून राहणार नाही. चंद्राच्या गतीची कोष्टके करणारा हान्सेन. बीअर आंबविणारे किण्व शुद्ध करणारा हान्सेन. महारोगाचा जंतू प्रथम पाहणारा हान्सेन. युरोपातून अमेरिकेस गेलेल्या लोकांचा इतिहास लिहिणारा हान्सेन. औद्योगिक राष्ट्रांतील मंदीची मीमांसा करणारा हान्सेन. आणि प्राचीन अथेन्सच्या लोकसभेचे कामकाज उलगडून दाखविणाराही हान्सेनच! स्वित्झर्लंडातील बाझेल शहरी बर्नूली नावाचे एक घराणे होऊन गेले, आणि त्यात पिढ्यानुपिढ्या गणिती निपजले. हे हान्सेनही तसेच एखादे विद्वत्कुल असावे, असा तर्क वाचकाने केला तर त्यात नवल नाही. आम्हीही एके काळी तो केला होता, हे कबूल केले पाहिजे. परंतु थोडा शोध घेताच तो तर्क साफ कोसळला. यांचे गाव एक नव्हे, गुरू एक नव्हे, घराणे तर नव्हेच. एक असेल तर ते फक्त नाव. आणि त्या नावाची कथा मोठी बोधप्रद आहे.

‘हान्सेन’ याचा अर्थ ‘हान्सचा मुलगा’, याहून अधिक काही नाही. डेन्मार्क व नॉर्वे या देशांत पूर्वी सामान्य जनांस वंशपरंपरागत आडनाव नसे. येन्सचा मुलगा पेटर, तो पेटर येन्सेन. पेटरचा मुलगा हान्स, तो हान्स पेटरसेन. आणि हान्सचा मुलगा नील्स, तो नील्स हान्सेन. मुलगी असल्यास ‘सेन’च्या जागी ‘दात्तर’ म्हणजे ‘मुलगी’ हा प्रत्यय लागे. अशा रीतीने दर पिढीस नाव पालटे. आमच्याकडेही स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव लावण्याची चाल आहे. परंतु आपले आडनाव मागे खांबासारखे उभे असते, म्हणून घोटाळा होत नाही. नॉर्वेतील शेतकरी आपल्या वाडीचे नाव जोडीत, ते आपल्या ‘कर’प्रत्ययान्त आडनावांच्या जातीचे होय.

ही वाहती चाल राजसत्तेस मानवेना. कर, लष्करभरती आणि वारसा यांच्या दप्तरास स्थिर नावे हवी होती. श्लेसविग प्रांतात १७७१ साली व डेन्मार्कात १८२८ साली फर्माने निघाली की, मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळीच कुलनाम ठरवावे. नॉर्वेत शहरांतून ही रीत हळूहळू रुळली आणि १९२३ च्या कायद्याने ती सर्वांस लागू झाली. आता लोकांनी कुलनाम आणावे कोठून? बहुतेकांनी त्या क्षणी जे पितृनाम चालू होते तेच कायम केले. वाहते पाणी थंडीने जेथल्या तेथे गोठावे तशी ही नावे गोठली. आणि हान्स हे नाव घरोघरी असल्यामुळे हजारो कुटुंबे एकाएकी ‘हान्सेन’ होऊन बसली. तेव्हा या आडनावावरून निश्चित काय कळते? एवढेच की, कोणा एका पूर्वजाच्या बापाचे नाव हान्स होते. याहून कमी सांगणारे आडनाव शोधूनही सापडणे कठीण.

अशा नावाच्या मनुष्यास आपली ओळख स्वतःच्या कर्तृत्वानेच करून द्यावी लागते. पेटर आंद्रेआस हान्सेन हा १७९५ साली श्लेसविगमधील ट्योनर गावी एका सोनाराच्या पोटी जन्मला आणि प्रथम घड्याळजीचे काम शिकला. विश्वविद्यालयाचे शिक्षण नसताही तो गणिताच्या बळावर १८२५ साली जर्मनीतील गोथा येथील वेधशाळेचा मुख्य झाला. त्याची चंद्राची कोष्टके १८५७ साली ब्रिटिश सरकारच्या खर्चाने लंडनमध्ये छापली गेली, आणि इंग्रजांचे नाविक पंचांग १८६२ पासून १९२२ पर्यंत त्यांच्या आधारे होत असे. याच हान्सेनने चंद्राचा गुरुत्वमध्य त्याच्या आकृतिमध्यापासून दूर आहे असे एक मत मांडले होते. त्यावरून चंद्राच्या पाठीमागल्या बाजूस हवा असेल, कदाचित वस्तीही असेल, असे तरंग पुष्कळांच्या मनात उठले. १८६८ साली न्यूकम या अमेरिकन ज्योतिषाने ते मत निराधार ठरविले. तथापि कोष्टके राहिली, तरंग विरले.

दुसरा एमिल ख्रिश्चन हान्सेन, जन्म १८४२, गाव डेन्मार्कातील रीबे. हा तरुणपणी घरे रंगविण्याचे काम करी. पुढे मोठ्या कष्टाने शिकून तो कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत आला. त्या काळी बीअरची पिंपेच्या पिंपे अकस्मात कडू होऊन नासत, आणि कारण कळत नसे. एमिलने दाखविले की, किण्व म्हणजे एक जिन्नस नव्हे. त्यात चांगल्या जातींबरोबर रानटी जातीही शिरतात, आणि त्याच पेय बिघडवितात. एका पेशीपासून वाढविलेले शुद्ध किण्व त्याने सिद्ध केले आणि १८८३ साली ते कारखान्यात वापरले गेले. कारखान्याचे धनी याकोब्सेन यांनी ते गुपित न ठेवता इतर कारखानदारांस खुशाल वाटले. ज्ञान विकावयाचे नाही, ही बुद्धी त्या धंद्यात दाखविणे ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे हे नाव समुद्र ओलांडून गेले. डॅनिश आईबापांच्या पोटी १८८७ साली अमेरिकेत जन्मलेल्या अल्विन हान्सेनने १९३८ साली दीर्घकालीन औद्योगिक साचलेपणाचा सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञांच्या सभेपुढे मांडला. मार्कस ली हान्सेन हाही स्थलांतर करून आलेल्यांचाच मुलगा. तो १९३८ साली अकाली वारला. त्याच्या मागून प्रसिद्ध झालेल्या अटलांटिकपारच्या स्थलांतराच्या इतिहासास १९४१ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. परदेशी आलेल्याचा मुलगा जे विसरू पाहतो ते त्याचा नातू आठवू पाहतो, असे त्याचे एक मत आहे. नावाच्या बाबतीत तर ते विशेषच खरे वाटते.

परंतु या सर्वांत ज्याचे नाव मनुष्यजातीच्या दुःखाशी कायमचे जोडले गेले तो हान्सेन निराळाच. गेरहार्ड आर्माउएर हान्सेन हा नॉर्वेतील बेर्गेन शहरी १८४१ साली एका व्यापाऱ्याच्या पंधरा अपत्यांपैकी एक म्हणून जन्मला. बापाचे नाव क्लाउस; म्हणजे जुनी चाल चालू असती तर हा ‘क्लाउसेन’ झाला असता. नाव गोठल्यामुळे तो हान्सेन राहिला.

त्या वेळी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर महारोगाने थैमान घातले होते. १८५६ साली तेथील सरकारने रोग्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तीत २५०० हून अधिक रोगी निघाले. बेर्गेनचे विख्यात वैद्य दानियेल्सेन यांचे मत असे की, हा रोग रक्तातून, बापाकडून मुलाकडे उतरतो. तरुण हान्सेन त्यांच्या हाताखाली काम करी, आणि पुढे तो त्यांचा जावईही झाला. परंतु त्यास हे मत पटेना. गावोगाव हिंडून व नोंदी चाळून त्याने ठरविले की, रोग वंशाच्या वाटेने जात नसून सहवासाच्या वाटेने जातो. १८७३ साली सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्यास रोग्यांच्या गाठींत बारीक दंडाकार जंतू दिसले, आणि पुढल्याच वर्षी त्याने ते प्रसिद्ध केले. कोख यांचा क्षयाचा जंतू अजून नऊ वर्षे दूर होता.

ज्याच्या नावाचा अर्थच ‘अमक्याचा मुलगा’, त्यानेच जगास सांगितले की, बापाचे नाव मुलास मिळते, पण बापाचा महारोग रक्तावाटे मिळत नाही. आमच्या मते त्याच्या शोधाचे खरे मर्म येथे आहे. ‘त्या घरात रक्तपिती आहे, तेथे सोयरीक नको’ हे वाक्य आपल्याकडे किती निरोगी मुलींच्या व मुलांच्या आयुष्यावरून नांगरासारखे फिरले असेल, याचा विचार केला म्हणजे त्या शोधाची किंमत कळते.

तथापि चरित्रकाराने स्तुतिपाठक होऊ नये. जंतू सापडला, पण तोच रोगाचे कारण आहे हे सिद्ध होईना. त्या उतावळेपणात १८७९ साली हान्सेनने रुग्णालयातील एका बाईच्या डोळ्यात तिला न विचारता दुसऱ्या रोग्याच्या गाठीतील द्रव्य टोचले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० साली रुग्णालयाच्या वैद्याची जागा त्याच्याकडून काढून घेण्यात आली. त्या बाईच्या नावामागे अजून ‘दात्तर’ हा जुना प्रत्यय होता. एका शेतकऱ्याच्या मुलीने देशातल्या नामांकित शास्त्रज्ञाविरुद्ध साक्ष द्यावी आणि न्यायासनाने तिचे ऐकावे, हा प्रसंग जंतूच्या शोधाइतकाच स्मरणीय आहे. त्याचे महारोगनिवारणाचे सरकारी पद मात्र १९१२ साली तो मरेपर्यंत त्याच्याकडे राहिले. १९०० सालापर्यंत नॉर्वेतील रोग्यांची संख्या ६०० च्या आत आली होती.

या यशास एक काळी बाजूही होती. रोग संसर्गाने होतो असे ठरताच रोग्यांस वेगळे कोंडण्याचे कायदे देशोदेशी झाले. हिंदुस्थानात तो कायदा १८९८ साली झाला. वंशाचा कलंक पुसला जाण्यापूर्वीच संसर्गाचे भय येऊन बसले. अमेरिकेतील कारव्हिल येथील आश्रमात रोगी दाखल झाला की, घरच्यांची अब्रू जाऊ नये म्हणून पुष्कळ वेळा त्यास खोटे नाव घ्यावे लागे. बापाने दिलेले नाव दारातच ठेवून आत जावयाचे! असाच एक रोगी स्टॅन्ली स्टाइन या घेतलेल्या नावाने तेथे राहिला. त्याने आश्रमातून ‘स्टार’ नावाचे पत्र काढले, आणि पुढे दृष्टी गेल्यावरही एकच लढा चालविला: या रोगाचे शिवीसारखे झालेले जुने नाव टाकून त्यास ‘हान्सेनचा रोग’ म्हणावे. १९४८ साली हवाना येथील जागतिक परिषदेने रोग्यास लावावयाचा जुना इंग्रजी शब्द टाकून द्यावा असे ठरविले. आणि ब्राझील देशाने १९९५ साली कायदा करून सरकारी कागदपत्रांत हान्सेनवरून बनविलेला शब्द घातला.

आपल्याकडे शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीस आश्रम काढला, त्याचे नाव तपोवन. बाबा आमटे यांच्या संस्थेच्या नावात ‘महारोगी’ हा शब्द होता. पण १९४९ साली वरोऱ्याच्या माळरानावर जी वस्ती वसली तिला त्यांनी म्हटले आनंदवन. नाव बदलल्याने रोग बरा होत नाही, हे खरे. त्यासाठी औषधच लागते, आणि १९८१ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या बहुविध औषधांच्या उपचाराने तो पूर्ण बरा होतो. परंतु औषध घ्यावयास रोगी पुढे यावा, यासाठी आधी नावातील विष जावे लागते. आपल्या संसदेस महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. यावरून ते विष किती खोल मुरले होते हे दिसून येईल.

ग्रंथालयाच्या सूचीत हे सर्व हान्सेन आजही एकाखाली एक बसलेले आहेत, आणि सूचीकारास त्यांच्या मधल्या नावांवरून ते वेगळे ओळखावे लागतात. त्यांस एका कुळात गोवण्याचा आमचा तर्क चुकला, याचे आम्हांस आता समाधानच वाटते. विद्या कुळाने येत नाही, तसा रोगही कुळाने येत नाही. जे नाव उत्तरेत हजारोंचे होते आणि ज्यात कोणाचा मोठेपणा वा कोणाची निंदा नव्हती, तेच नाव स्वतःचे नाव गमावून बसलेल्या माणसांनी आपल्या दुःखासाठी मागून घेतले. ‘हान्सचा मुलगा’ या साध्या शब्दाचा याहून थोर उपयोग कोणत्याही पंडिताने केलेला आमच्या पाहण्यात नाही.