कोकुऱ्याची शर्यत

रिसाली ही भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती. १९५९ च्या फेब्रुवारीत त्या कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि पाळी गाठण्यासाठी निघालेल्या कामगारांच्या सायकलींनी रस्ते भरून जाऊ लागले. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना पोलाद आणि सायकल यांचे सख्य कुणी सांगावयास नको. म्हणूनच, श्रोतेहो, जपानातील अशाच एका पोलादनगरीच्या शेजारी जन्मलेल्या सायकलशर्यतीची हकीकत आज सांगावीशी वाटते. तिचे नाव केरिन.

कोकुरा हे क्यूशू बेटावरील शहर. यावाता येथील, १९०१ साली सुरू झालेला प्रचंड पोलाद कारखाना त्याच्या शेजारीच. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब घेऊन निघालेल्या अमेरिकन विमानाचे पहिले लक्ष्य कोकुराच होते. धुराने व ढगांनी शहर झाकले गेले, विमान वळले आणि नागासाकी भस्म झाले. कोकुरा वाचले खरे. परंतु देश उद्ध्वस्त होता आणि नगरपालिकांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. तेव्हा १९४८ साली जपानी संसदेने सायकलशर्यतींवर पैज लावण्यास मुभा देणारा कायदा केला. त्या उत्पन्नातून गावांची पुनर्रचना व्हावी आणि सायकल उद्योगास हातभार लागावा, हा हेतू. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला कोकुऱ्यात पहिली केरिन धावली.

जुगाराच्या पैशाने गावे उभारावीत काय? हा प्रश्न जपान्यांनाही सुटला नाही. १९५० साली नारुओ येथे चिडलेल्या प्रेक्षकांनी दंगल केली आणि देशभरातील शर्यती काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. पुढे टोकियोचे राज्यपाल मिनोबे यांनी तर राजधानीच्या प्रशासनाला या व्यवसायातून बाहेर काढले. भुकेल्या नगरपालिकेला दोष देणे मला जड जाते. पण हरलेल्या मजुराची बायको काय म्हणाली असेल, याची नोंद कुठल्याच जमाखर्चात सापडावयाची नाही. लबाडी होऊ नये म्हणून शर्यतीच्या दिवसांत स्वारांना बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवू देत नाहीत. तेथील पुरुषांच्या पारंपरिक शर्यतीत सायकलचा सांगाडाही पोलादाचाच लागतो.

पैज बाजूला ठेवून ही शर्यत १९८० साली फ्रान्समधील बेझान्सोंच्या जागतिक स्पर्धेत आली. स्वारांच्या पुढे एक लहान यांत्रिक दुचाकी धावते. तिला ओलांडावयाचे नाही. ताशी तीस किलोमीटरपासून पन्नासपर्यंत ती वेग वाढवीत नेते आणि बाजूला होते. आजच्या नियमांनुसार तेव्हा शेवटच्या तीन फेऱ्या उरलेल्या असतात. सायकलला ना ब्रेक, ना पायडल थांबविण्याची सोय. तोवर ज्याने योग्य पाठ धरली, त्याने निम्मे काम साधले.

बेझान्सोंला जिंकला तो ऑस्ट्रेलियाचा डॅनी क्लार्क. कोइची नाकानोने १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे वेगशर्यतीचे व्यावसायिक जगज्जेतेपद मिळविले. पण जपानला स्वतःच्याच शर्यतीचे पहिले जगज्जेतेपद १९८७ साली हारुमी होंडाने मिळवून दिले, आणि दुसरे मिळावयास २०२४ उजाडावे लागले! दरम्यान २००० साली सिडनीत केरिन ऑलिंपिकमध्ये दाखल झाली होती.

आणि २०१८ साली स्वित्झर्लंडमधील एग्ल येथे, कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत, अंदमान-निकोबारच्या एसो अल्बनने याच शर्यतीत रौप्यपदक घेतले. सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक.