खड्ड्यातल्या कॅमेऱ्याची कुळकथा

लांब उडी घेणारा खेळाडू पडद्यावर आभाळातून तरंगत गेल्यासारखा दिसतो, तेव्हा कॅमेरा बहुधा जमिनीलगत असतो. ही युक्ती आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही कूळ असेल असं मनातही येत नाही. कूळ आहे, आणि ते फारसं सोवळं नाही.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टालने ‘ऑलिंपिया’ हा चित्रपट केला. मैदानात पंच, खांब, फलक यांची एवढी दाटी की खेळाडू त्यात हरवून जायचा. म्हणून तिने खड्डे खणून घेतले नि कॅमेरामनना त्यांत उतरवलं. खालून पाहिलं की मागे उरतं नुसतं आभाळ.

ही नजर डोंगरातून आली होती. रीफेनश्टालचा गुरू आर्नोल्ड फांक बर्फाच्या डोंगरांवर चित्रपट काढायचा. १९२८ च्या सेंट मॉरिट्झ हिवाळी ऑलिंपिकचा चित्रपटही त्याचाच. तिचा कॅमेरामन हान्स एर्टल तर गिर्यारोहकच. बर्लिनमध्ये त्याने पाण्याखाली चालणारा कॅमेरा जुळवला आणि सूर मारणाऱ्यांना पाण्याच्या आत गाठलं. दुसरा कॅमेरामन वॉल्टर फ्रेंट्झने सरावात मॅरेथॉनपटूंच्या गळ्यात कॅमेऱ्याची टोपली अडकवली, त्यामुळे दमलेल्या धावपटूला दिसावेत तसे त्याचे पाय आपल्याला दिसतात. पोल व्हॉल्टची अंतिम फेरी अंधारात गेली, तर दुसऱ्या रात्री खेळाडूंना बोलावून ती पुन्हा करवून घेतली. लबाडीच ही, पण पाहताना अजिबात खुपत नाही.

पैसा हिटलरचा मंत्री गोबेल्स याच्या प्रचारखात्याचा. तो दिसू नये म्हणून एक कंपनी पुढे केलेली. चार लाख मीटर फिल्म खर्ची पडली आणि पहिला खेळ झाला २० एप्रिल १९३८ ला, हिटलरच्या वाढदिवशी. चित्रपटात अमेरिकेचा कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्स मात्र मनसोक्त धावतो. आपण निव्वळ कलावंत होतो, असं रीफेनश्टालबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या. मला ते पटत नाही.

या कुळाला वेगळा फाटा फुटला टोकियोत. १९६४ च्या ऑलिंपिकचा चित्रपट आधी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा करणार होता; पुढे तो कोन इचिकावाकडे आला. त्याने खड्ड्यापेक्षा लांब पल्ल्याच्या भिंगांवर भिस्त ठेवली आणि घाम, आखडलेले स्नायू, हरलेल्यांचे चेहरे टिपले. चाडचा धावपटू अहमद इसा याला पदक नाही, तरी क्रीडानगरीत एकटाच जेवणारा इसा चित्रपटात निवांत दिसतो. चित्रपट पाहून जपानचे मंत्री इचिरो कोनो भडकले. याला नोंद म्हणायची की कला, यावर जपानात वाद पेटला, आणि १९६५ साली लोकांनी थिएटरं भरून टाकली.