रकान्यांपूर्वीचा परिचय

परदेशी परिचर्येचे शिक्षण घेऊन आलेल्या व्यक्तीने पहिल्या नोकरीसाठी स्वतःविषयी काय लिहावे? आज याचे उत्तर रकान्यांनीच दिलेले असते : संस्था, पदविका, नोंदणी, अनुभव. हे रकाने नव्हते तेव्हाचे चित्र पाहायचे, तर फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या आयुष्यातील १८५१ ते १८५३ हा काळ पाहावा असे आम्हांस वाटते. क्रिमियातील दिव्याच्या झगमगाटात तो सहसा झाकोळून जातो.

१८५१च्या जुलैत ती जर्मनीत, ऱ्हाइनकाठच्या कायझरव्हर्थ येथे थिओडोर फ्लीडनर यांच्या सेविकाश्रमात शिकावयास गेली. तेथे प्रवेश घेताना तिने स्वतःचा जीवनक्रम लिहून दिला. त्याला शीर्षक ‘करिक्युलम व्हिटे’ असेच आहे. पण आजचा बायोडाटा मनात धरून तो वाचू गेल्यास फसगत होते. बालपण, वडिलांनी दिलेले शिक्षण आणि सुखवस्तू घरात राहूनही न शमणारे असमाधान यांचे ते निवेदन आहे. वाङ्मयप्रकार म्हणून त्याचे नाते अर्जापेक्षा धार्मिक आत्मनिवेदनाशी अधिक जवळचे. आश्रमाला कौशल्यापेक्षा अंतःकरणाची साक्ष हवी होती, आणि तीच तिने दिली.

तेथे ती सुमारे तीन महिने राहिली. पुढे उतारवयात तिने तेथील परिचर्या आणि स्वच्छता या दोहोंविषयी अतिशय कठोर अभिप्राय दिला. म्हणजे परदेशी शिक्षणाचा डौल मिरवण्याजोगे तिच्याजवळ, तिच्याच मते, फारसे नव्हते!

१८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी, परिस्थितीने गांजलेल्या कुलीन स्त्रियांच्या रुग्णगृहाची अधीक्षिका म्हणून तिची नेमणूक झाली, ती ओळखीपाळखीतून. एलिझाबेथ हर्बर्टबाईंनी शब्द टाकला. पद बिनपगारी होते. वडिलांनी सालीना ५०० पौंड देऊ केले म्हणून ते स्वीकारता आले. ही सोय नसलेल्या एखाद्या होतकरू मुलीचे काय झाले असते, हा प्रश्न चरित्रकारांनी अधिक आग्रहाने विचारावयास हवा होता.

परंतु शिक्षणाचा पुरावा तिने दिलाच, वेगळ्या कागदावर. रुजू होण्यापूर्वी समितीच्या लेडी कॅनिंग यांना (याच पुढे गव्हर्नर-जनरलच्या पत्नी म्हणून कलकत्त्यास आल्या व १८६१ साली तेथेच वारल्या) लिहिलेल्या पत्रात तिने इमारत कशी हवी ते सांगितले. परिचारिकेला आपला मजला सोडून वारंवार खालीवर जावे लागू नये. जेवण वर ओढून घेण्यासाठी यंत्र असावे. रुग्णांच्या घंटा परिचारिकेच्या दाराबाहेर वाजाव्यात आणि वाजलेल्या घंटेची झडप उघडीच राहावी, म्हणजे कोणी बोलावले ते कळेल. गरम पाणीही तिला प्रत्येक मजल्यावर हवे होते. या पत्रात ‘मी’ जवळजवळ नाही, आणि तरीही लिहिणारीने रुग्णालये डोळसपणे पाहिली आहेत हे ओळीओळीतून कळते. आमच्या मते तिचा खरा व्यावसायिक परिचय हाच. जीवनक्रमातील व्याकूळ स्वर दोन वर्षांत इतका वस्तुनिष्ठ व्हावा, हा गद्यशैलीच्या अभ्यासकानेही थांबून पाहावा असा बदल आहे.

कॅथलिक रुग्णांना प्रवेश देण्यावरून तिचे समितीशी वाजले. तिने आपला आग्रह सोडला नाही. १८५४च्या ऑक्टोबरात ती क्रिमियन युद्धातील जखमींसाठी स्कुटारीकडे निघाली.

१८६०मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा सुरू झाली. तेथे प्रत्येक शिकाऊ परिचारिकेची नोंद ठेवण्यासाठी छापील तक्ते होते : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप, स्वच्छता. ते भरण्याचे काम मेट्रनकडे होते.