कर्त्याविना विधान : ‘असे म्हटले जाते की’ या रचनेचा पूर्वेतिहास

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहे : श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला लेख हा मराठीतील आद्य लेख मानला जातो. यातील ‘मानणारा’ कोण, हे सहसा कोणी विचारीत नाही. गंमत अशी की, ज्या लेखाविषयी हे निनावी विधान केले जाते त्या लेखात कर्त्याचे नाव सर्वांआधी येते : ‘श्री चावुण्डराजें करवियलें’. प्रस्तुत निबंधात या दोन वाक्यांमधील अंतराचा मागोवा घ्यावयाचा आहे. इंग्रजीतील ‘इट इज सेड दॅट’ या अकर्तृक कर्मणी रचनेचे मराठी रूप कसे सिद्ध झाले आणि ते रुळताना मराठी गद्याने काय मिळविले व काय गमावले, हा येथील प्रश्न आहे.

श्रवणबेळगोळच्या मूर्तीपाशी हाच आशय तीन भाषांत कोरलेला आहे. कन्नड लेखात ‘माडिसिदं’ आणि तमिळ लेखात ‘शेय्वित्तान्’ ही क्रियापदे कर्त्याच्या लिंगवचनाशी जुळतात; ती कर्तरी वाक्ये आहेत. मराठी लेखात ‘चावुण्डराजें’ ही तृतीया आहे आणि ‘करवियलें’ हे क्रियापद करविलेल्या वस्तूकडे पाहते. एकाच दगडी परिसरात तीन भाषा शेजारी उभ्या आहेत आणि त्यांपैकी एकटी मराठी कर्मणी प्रयोगात बोलते. या साक्षीचे महत्त्व असे की, मराठीतील कर्मणी प्रयोग कर्त्याला पडद्याआड ढकलण्यासाठी घडलेला नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणताना आपण कर्त्याला तृतीयेत बसवितो, पण वाक्याबाहेर काढीत नाही. इंग्रजी व्याकरणातील ‘पॅसिव्ह’ या संज्ञेला ‘कर्मणी’ हा प्रतिशब्द आपण योजतो तेव्हा दोन भिन्न व्यवहारांना एकच नाव देत असतो.

कर्ता न सांगण्याची सोय मात्र जुन्या मराठीतही होती. प्राकृतातून आलेल्या ‘इज’ प्रत्ययाची ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ ही रूपे यादवकालीन वाङ्मयात विपुल आहेत. ‘केले जाते’, ‘बोलले जाते’, ‘म्हटले जाते’ हाच त्यांचा अर्थ. शालेय व्याकरणात या प्रयोगाला ‘पुराण कर्मणी’ म्हणतात. तो नामशेष झाला, तरी त्याचे दोन अवशेष आपण दिवसातून शेकडो वेळा उच्चारतो. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप, आणि ‘म्हणजे’ हे ‘म्हणिजे’चे. अर्थाचा खुलासा करताना आपण ‘म्हणजे’ म्हणतो तेव्हा मूळच्या अर्थाने ‘असे म्हटले जाते’ हेच म्हणत असतो. ज्या रचनेला आज परकी समजण्याचा प्रघात आहे तिचा गाभा असा भाषेच्या तळाशी आधीच पडलेला होता.

दुसरा घटक आहे तो उपवाक्य जोडण्याचा. मराठीची एक रीत अशी की, सांगितलेली गोष्ट आधी येते आणि ‘असे’ किंवा ‘म्हणून’ तिला मागून कवेत घेते : ‘तो येणार म्हणून कळले’. कन्नडातील ‘एंदु’ आणि तमिळमधील ‘एन्रु’ हेच काम करतात. दुसरी रीत गोष्ट पुढे ढकलणारी. पत्रव्यवहारातील ‘विज्ञापना ऐसीजे’ हा मायना तिचा परिचित नमुना. आधी ‘ऐसी’ हा दर्शक शब्द, मग ‘जे’, आणि त्यानंतर मजकूर. या ‘जे’ची जागा पुढे फार्सीतून आलेल्या ‘की’ने बळकावली. त्यामुळे इंग्रजीशी संबंध येण्यापूर्वीच ‘असे… की’ हा सांगाडा मराठीत उभा होता.

इंग्रजीने या सांगाड्याला नवे काम दिले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. श्रवणबेळगोळप्रमाणे येथेही भाषा शेजारी आल्या. फरक इतकाच की, आता एका स्तंभाचे वाक्य दुसऱ्या स्तंभात उतरवावे लागत होते. वृत्तपत्रे, शालेय भाषांतरे आणि न्यायालयीन कागद यांच्या या व्यवहारातून ‘जाणे’ या सहायक क्रियापदाने घडलेली कर्मणी रचना लेखनात पसरली. शालेय व्याकरणे तिला ‘नवीन कर्मणी’ म्हणतात आणि तिचा संबंध इंग्रजीशी जोडतात. वर पाहिलेला पूर्वेतिहास लक्षात घेता हा निर्णय अर्धाच ग्राह्य धरावा लागतो. अकर्तृक कथन आणि ‘असे’ची योजना घरची आहे, इंग्रजीमुळे वाढला तो तिचा वापर, आणि तिच्याभोवतीचे प्रतिष्ठेचे वलय.

रचनेचे अनुकरणही पूर्ण झाले नाही. इंग्रजीतील ‘इट’ हा रिकामा शब्द आहे; कर्त्याची जागा मोकळी राहू नये एवढ्यासाठी तो तेथे बसतो. मराठीतील ‘असे’ रिकामे नाही, ते पुढील आशयाकडे बोट दाखविते. शिवाय इंग्रजीत ‘ही इज सेड टु बी रिच’ अशी दुसरी वाट आहे. उपवाक्यातील कर्ता मुख्य वाक्यात येऊन बसतो. मराठीत ही वाट ‘मानणे’, ‘समजणे’ यांसारख्या क्रियापदांपुरती खुली आहे. ‘तो श्रीमंत मानला जातो’ हे चालते. ‘तो श्रीमंत म्हटला जातो’ हे कानाला खटकते. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम आला, आणि शासनव्यवहाराच्या मराठीत ‘असे कळविण्यात येते की’ हे आणखी एक भावंड घरोघर पोचले. येथे कर्ता अज्ञात नसतो. तो कार्यालय असतो, आणि व्यक्ती म्हणून समोर येऊ इच्छीत नाही.

या सर्वांच्या जोडीला बोलीत ‘म्हणे’ आहे. ‘तो म्हणे पुण्याला गेला’, ‘तो पुण्याला गेला असे म्हणतात’ आणि ‘तो पुण्याला गेला असे म्हटले जाते’ ही तीन वाक्ये समानार्थी धरणे चुकीचे ठरेल. पहिल्यात बोलणारा ऐकीव गोष्ट हातचे राखून सांगतो, आणि तिच्या खरेपणाविषयीचा संशयही सुचवितो. दुसऱ्यात ‘लोक’ हा कर्ता अव्यक्त असला तरी क्रियापदाच्या अनेकवचनात शिल्लक आहे. तिसऱ्यात तोही पुसला जातो, आणि ऐकीव गोष्टीला प्रस्थापित मताचा पोशाख चढतो.

‘म्हणे’चे सोयरे दक्षिणेत भेटतात. श्रवणबेळगोळहून पूर्वेकडे येऊन बंगळुरू ओलांडले आणि होसूरचा रस्ता धरला, की बोम्मसंद्राची औद्योगिक वसाहत लागते. कन्नड, तमिळ आणि तेलुगू या तिन्ही भाषांचे प्रदेश जवळ येतात असा हा पट्टा. कन्नड माणूस ऐकीव गोष्टीच्या शेवटी ‘अंते’ जोडतो, तमिळ माणूस क्रियापदाला ‘आम्’ लावतो, तेलुगू माणूस ‘अट’ म्हणतो. ‘मी पाहिले नाही, ऐकले’ ही कबुली या भाषांच्या व्याकरणातच रुजलेली आहे. या बाबतीत मराठीचे ‘म्हणे’ त्यांच्या पंक्तीला बसते. इंग्रजीतील अकर्तृक रचनेत ही कबुली अंगभूत नाही. ती संदर्भाने सुचवावी लागते.

तौलनिक अभ्यासकाला हा भेद दुर्लक्षून चालणार नाही. कन्नड कथेतील ‘अंते’ इंग्रजीत ‘इट इज सेड दॅट’ होते आणि त्या इंग्रजीवरून मराठीत आणल्यास ‘असे म्हटले जाते की’ होते. मूळ कथकाचा मिश्किल अविश्वास मधल्या मुक्कामी गळून पडतो आणि हाती उरते ते गंभीर, साक्षीदार नसलेले विधान. तेथे ‘म्हणे’ हा एक शब्द पुरेसा होता.

इतिहासलेखनात ही हानी अधिक गंभीर आहे. आद्य लेखाच्या प्रश्नाला माणसांची नावे आहेत. श्रवणबेळगोळच्या दुसऱ्या ओळीत येणारा गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. म्हणजे ती ओळ बाराव्या शतकातली. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथातून (१९६३) शिलालेखांची चिकित्सा केली. अलिबागजवळच्या आक्षी येथील लेखाचा काळ त्यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला आणि आद्यत्वाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. ‘मानला जातो’ असे लिहिताच हे वाचन, हा वाद आणि त्यांमागचे पुरावे एकदम अदृश्य होतात. उरते ते एकमत, जे प्रत्यक्षात कधी झालेच नव्हते.

कर्ता खरोखरच अज्ञात असेल, लोकपरंपरेचा आवाज नोंदवावयाचा असेल, तेथे अकर्तृक रचना योग्यच आहे आणि तिला परकी म्हणून हाकलण्याचे कारण नाही. ‘म्हणजे’ हा शब्द तिच्या देशीपणाची ग्वाही देतो. पण जेथे मत कोणाचे तरी आहे, तेथे ते कोणाचे हे सांगण्याची सोय मराठीच्या कर्मणी प्रयोगात आरंभापासून आहे. ‘तुळपुळ्यांनी मानले’ हे वाक्य ‘चावुण्डराजें करवियलें’ याच घडणीचे आहे. कर्ता तृतीयेत, कृती त्याच्या नावावर.